उना

अमळनेरला स्टेशन रोडवर, झेरॉक्सच्या मशीनमागे
माझं टेबल आहे, दीड फूट बाय तीन.
त्यावर मी लोकांच्या सुट्ट्या जुळवतो.
बेटं, बंदरं, अभयारण्यं जिथल्या तिथे असतात,
त्यांचं मी काही करत नाही.
मी विकतो ते मधलं:
या गाडीतून उतरून त्या बोटीत चढेपर्यंतचं,
दोन तिकिटांना धरून ठेवणाऱ्या
टाचणीएवढं.

सुपडू आप्पा आले ते भर उन्हात, डोक्याला टॉवेल.
चौतीस वर्षं मालगाडीचे गार्ड.
शेवटच्या डब्यात, मागे तोंड करून.
नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार
त्यांनी येताना कधी पाहिलीच नाहीत,
पाहिली ती जाताना,
लहान होत गेलेली.
समुद्राच्या अलीकडेच ड्यूटी संपायची.
उधन्याला सही, कंदील खाली,
आणि परतीची गाडी.

बोलल्या मात्र कोकिळाबाई.
"समुद्र दखनं शे. बेट दखनं शे. सिंव्ह बी."
भाजीवालीला सांगावं तसं, मोजून.

मी कुणाच्या तरी सातबाऱ्याची
बिघडलेली झेरॉक्स उलटी केली, लिहिलं:
सुरत. हजिरा. बोटीनं घोघा.
वेळावदरला काळवीट. मग दीव. मग सासण.
म्हटलं, तापी रोज जाते हजिऱ्यापर्यंत, विनातिकीट.
आप्पा हसले नाहीत.
"बोटले गार्ड ऱ्हास का?"
नसतो म्हणालो.
बोटीत मी कधी बसलेलो नाही.

दशम्या चार दिवस टिकतात, तेवढ्या बांधल्या.
शेंगदाण्याची चटणी, आणि आप्पांची शिट्टी,
ती का, ते मी विचारलं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी फोन.
दीवहून निघालेली बस उन्याला उशिरा पोचली,
सासणची निघून गेलेली, पुढची साडेतीन तासांनी.
माझ्या कागदावर तिथे पंचवीस मिनिटं होती.
टाचणी निसटली होती
आणि मी, पाचशे किलोमीटरवर,
कार्बन लागलेल्या बोटांनी
उगाच वेळापत्रक उलटत होतो.

परतल्यावर थेट टेबलापाशीच आले दोघं.
मी पैसे परत करायची तयारी ठेवलेली,
ड्रॉवर अर्धा उघडा.
आधी सिंहाचं विचारलं.
"दखायना. पन पाठमोरा," आप्पा म्हणाले,
आणि त्यात त्यांची तक्रार नव्हती.
बोटीत ते मागेच उभे होते.
पाण्यावर पांढरी रेघ निघायची, म्हणाले, रुळासारखी,
पण मागचं टोक कुणीतरी गुंडाळत चाललेलं.
चौतीस वर्षांत असं नव्हतं.
निदान रूळ तरी राहायचे.
कोकिळाबाई तेव्हा पुढे होत्या, एकट्या,
वाऱ्यानं पदर सोडवत,
घोघा मोठं होत येताना बघत.
ते त्यांनी आप्पांना अजून नीट सांगितलेलं नाही,
मला सांगितलं.

मग माझा कागद त्यांनी उघडला, चार घड्यांचा, तेलकट.
बोट ठेवलं दीव आणि सासणच्या मधे,
जिथे मी काहीच लिहिलं नव्हतं.
"आठे उना का बरं नही लिखं?"

आमच्या बोलीत उना म्हणजे आला.
साडेतीन तास ते स्टँडवर बसले होते,
दशमीचा शेवटचा तुकडा वाटून घेत,
आणि पाटीवरचं गावाचं नाव वाचून
बाई एकाएकी हसत सुटल्या:
गाव उना, बस नही उनी!
आप्पांनाही हसू फुटलं,
शेजारची गुजराती बाई, तिची दोन पोरं,
काही न कळता सगळीच हसायला लागली.
पोरांनी मग शिट्टी मागितली.
आप्पांनी ती वाजवून दाखवली
आणि उभी नसलेली बस
रीतसर सोडली.

"फिरी जासूत," कोकिळाबाई म्हणाल्या. "पन उना लिखी ठेव."

मी नवा कागद घेतला.
किती वेळ लिहू, विचारलं.
आप्पा म्हणाले, ते नको लिहू.